अकराव्या पानापुढे

मी एक कादंबरी बोलतेय. ‘काळखडकचा दिवा’ हे माझं नाव. दोनशे अडतीस पानं, कापडी बांधणी, आणि वर समुद्राकाठच्या एका उंच मनोऱ्याचं चित्र. आज मला पाहिलंत तर तुम्ही हसाल. कणा निघालाय, त्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलीय, आणि एकशे बाराव्या पानावर औषधाचा तपकिरी डाग आहे. पण एवढी खुशीत मी जन्मात कधी नव्हते. चोपन्न वर्षांनी मला कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं. एकट्यानं नाही, चौघांनी मिळून. त्याचीच ही हकीकत.

माझा जन्म १९७१ साली पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. मूळची मी विलायतेची. फार पूर्वी कुणीतरी मला इंग्रजीत लिहिलं आणि एका मास्तरांनी मराठीत आणलं. मूळ पुस्तकाचं नाव काय, लिहिणारं कोण, हे छापायचं मात्र राहूनच गेलं.

माझ्या पोटातली गोष्ट अशी. क्लारा नावाची एक अनाथ मुलगी काळखडक नावाच्या जुन्या हवेलीत पुस्तकं लावायच्या नोकरीवर येते. हवेलीचा मालक एडमंड देखणा, अबोल आणि कसल्याशा दुःखात बुडालेला. घराचा सगळा कारभार मिसेस हॉब नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या हातात. हवेलीला एक मनोरा आहे. त्याला भलंमोठं कुलूप आहे, आणि तरीही रोज संध्याकाळी वरच्या खिडकीत दिवा लागतो. तो कोण लावतं, हे कुणी सांगत नाही. प्रेम, भीती, धुकं, वादळ, सगळं ठासून भरलंय माझ्यात. अशी गोष्ट पोटात घेऊन पन्नास वर्षं गप्प बसणं काय असतं, ते मलाच ठाऊक.

शिरूरच्या एका शाळेत साधनाबाई मराठी शिकवायच्या. त्यांनी माझ्या दोन प्रती घेतल्या. एक स्वतः वाचली, आणि मला बक्षीस द्यायला म्हणून कपाटात ठेवलं. कपाटात बावीस वर्षं गेली. मग दहावीच्या वर्गातली मुमताज प्रकट वाचनात पहिली आली. बाईंनी माझ्या पहिल्या पानावर निळ्या शाईनं लिहिलं, ‘चि. मुमताज हिस. सुट्टीत अवश्य वाच.’

ती सुट्टी शिवणकामाच्या क्लासमध्ये गेली. पुढं मुमताजचं लग्न झालं, सोहेब आणि राबिया झाले, घरात शिलाई मशीन आलं. शाळेचे गणवेश आणि बायकांचे ब्लाउज शिवता शिवता तिचे केस पिकायला लागले. मला तिनं टाकलं मात्र नाही. तीन वेळा वाचायलाही घेतलं. एकदा दहावीच्या सुट्टीत, एकदा लग्नानंतर, एकदा सोहेब तापानं आजारी असताना त्याच्या उशाशी बसून. तिन्ही वेळा ती अकराव्या पानापर्यंत आली आणि कुणीतरी हाक मारली. अकराव्या पानावर क्लारा पावसात भिजत हवेलीचं दार वाजवत असते. बिचारी तीस वर्षं त्या दारावर उभी होती. मुमताज मला मिटताना दर वेळी म्हणायची, जरा मोकळी झाले की वाचते. मग माझ्या पानांत तिनं ब्लाउजची कागदावर कापलेली मापं ठेवायला सुरुवात केली, आणि मी माळ्यावर गेले.

माणसं मोकळी कधी होतात, हे मी पुष्कळ वर्षं पाहिलंय. ती होत नाहीत.

गेल्या वर्षी मुमताजच्या किडन्या थकल्या. डायलिसिस सुरू करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिरूरमध्ये जागा मिळेना, म्हणून दौंडच्या एका दवाखान्यात नंबर लागला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ ते एक. तिचे यजमान सिद्दीक यांची भाड्यानं फिरणारी व्हॅन आहे. त्या तीन दिवशी त्यांनी दुसऱ्या फेऱ्या बंद ठेवल्या. त्याच व्हॅनमधून आणखी दोघं जाऊ लागली. एक मोनिका, कारेगावच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली सत्तावीस वर्षांची मुलगी. दुसरे हरिबा, निमोण्याचे, सत्तरीचे. तरुणपणी मेंढरं घेऊन हिंडलेले, आता शेतीवर स्थिरावलेले. ते निमोण्याच्या फाट्यावर व्हॅनमध्ये चढायचे, पण तीनातला एक दिवस हमखास बुडवायचे.

पहिले काही आठवडे मुमताज नुसती छताकडं बघत पडायची. डाव्या हातात दोन सुया, हात हलवायचा नाही, चार तास. राबियाला ते बघवलं नाही. तिनं माळा झाडताना मला खाली काढलं, धूळ पुसली, मापं बाहेर काढली आणि आईच्या पिशवीत टाकलं. “अम्मी, आता तरी वाच. तिथं तुला कोण हाक मारणार आहे?”

त्या बुधवारी मुमताजनं मला पोटावर उशी ठेवून त्यावर उभं केलं. एकाच हातानं वाचायचं म्हणजे कसरत. अंगठा मधोमध रोवायचा आणि करंगळीनं पान सरकवायचं. पान एक, पान दोन, पान पाच. मी श्वास रोखून होते. पान अकरा आलं. क्लारानं दार वाजवलं. शेजारी मशीन टीं टीं वाजलं, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा मिटणार ही. पण मशीन बघायला स्वप्नाली होती, तिथली टेक्निशियन. तिनं बटण दाबलं आणि ती निघून गेली. मुमताजनं पान उलटलं. दार उघडलं. हातात मेणबत्ती घेऊन मिसेस हॉब उभी होती.

काय सांगू तुम्हाला माझं काय झालं ते. जिथं कुणाची नजर कधी पोचली नव्हती तिथं उजेड पडावा, तसं.

तेहतिसाव्या पानाशी अडचण आली. माझी तिथली आठ पानं छापखान्यातच वरच्या कडेला जोडलेली राहिली होती, कापलीच गेली नव्हती. मुमताजनं स्वप्नालीला बोलावलं. स्वप्नालीनं नवं ब्लेड काढलं आणि एखाद्या पेशंटचे टाके काढावेत इतक्या हळुवार हातानं ती पानं मोकळी केली. मग तिनं विचारलं, की इतकं काय आहे यात. मुमताज म्हणाली, “अगं, मनोऱ्याला कुलूप आहे आणि आत दिवा लागलाय.” स्वप्नाली दोन मिनिटं तिथंच उभी राहिली.

पुढच्या शुक्रवारी मुमताज वाचता वाचता स्वतःशीच हसली. शेजारच्या खाटेवरून हरिबांनी बघितलं.

“काय गावलं गं एवढं हसाया?” त्यांनी विचारलं.

मुमताजनं थोडक्यात सांगितलं. हरिबा म्हणाले, “आसं तुकड्यात नगं. पयल्यापासनं सांग. मला कुठं जायाचंय?”

आणि तिनं पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दहावीतला तो आवाज तिच्यात होता तसाच होता, थोडा घोगरा झालेला. मशीनच्या घरघरीवरून तो खणखणीत जायचा. एडमंड बोलला की जड व्हायचा, क्लारा बोलली की घाईचा. मोनिकानं कानातल्या वायरी काढल्या. चौथ्या खाटेवर दौंडचेच एक निवृत्त रेल्वेवाले नाना असायचे. ते डोळ्यांवर टोपी घेऊन झोपल्याचं दाखवायचे. एकदा मुमताजनं हवेलीच्या वर्णनाचा एक परिच्छेद गाळला, तर टोपीखालून आवाज आला, “मधलं एक वाक्य निसटलं वाटतं.” त्या दिवसापासून तेही आमच्यात आले.

नावांचं हरिबांना जमेना. एडमंडला ते येडमन म्हणू लागले आणि मिसेस हॉबला हौसाबाई. आठवड्याभरात सगळा वॉर्डच तशी नावं घेऊ लागला. मला थोडा राग आला, पण खरं सांगायचं तर हौसाबाई हे नाव तिला शोभत होतं.

माझ्यात समुद्र फार आहे. पानोपानी लाटा, पाऊस, ओली दारं. आणि माझे श्रोते कोण, तर ज्यांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय अशी माणसं. एका पानावर लाटा मनोऱ्यापर्यंत उसळल्या तेव्हा हरिबा म्हणाले, “एवढं पानी, आन् आपल्याला दिवसाला चार पेलं.” सगळे हसले. नाना इतके हसले की त्यांचं मशीन वाजलं आणि स्वप्नाली धावत आली.

व्हॅनमध्ये जाता येता दुसरं बोलणंच उरलं नाही. गोष्ट अशा वळणावर आली होती, की पाच वर्षांपूर्वी मनोऱ्यातला दिवा एका वादळात विझला, आणि एडमंडच्या थोरल्या भावाचं गलबत खडकावर फुटून सगळे बुडाले. गावात कुजबुज होती की इस्टेटीसाठी एडमंडनंच दिवा विझवला. मोनिकाचं ठाम मत होतं की त्यानंच केलंय. देखण्या आणि गप्प माणसावर तिचा विश्वास नव्हता, आणि त्यामागं तिची स्वतःची कारणं होती. मुमताज एडमंडच्या बाजूची. सिद्दीक गाडी चालवता चालवता म्हणायचे की क्लारानं सरळ नोकरी सोडावी, अशा घरात कोण राहतं. हरिबा मात्र तिसऱ्याच वाटेला होते.

“मेंढरं घिऊन हिंडायचो तवा मुक्कामावर कंदील लावायचो,” ते म्हणाले. “तो काय आपल्याला दिसावं म्हून न्हाई. आपण बसल्यालोच असतो. जो भाईर ऱ्हायलाय, त्याला मुक्काम घावावा म्हून. तवा मनोऱ्यात कोण हाय ते सोडा. दिवा लावनारा कुणाची वाट बघतोय, ते हुडका.”

माझ्या अंगावर काटा आला. कारण म्हातारबाबा अगदी जवळ आले होते.

मोनिकाला धीर धरवेना. तिनं मोबाइलवर शोधून पाहिलं. क्लारा, एडमंड, मनोरा, दिवा, मराठीत, इंग्रजीत, सगळं टाकलं. काही सापडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझं मूळ नाव छापलं नाही तेच बरं झालं. पण खरा गुन्हा मुमताजनं केला. एका मंगळवारी दुपारी मशीनवर गणवेशाचा ढीग पडलेला असताना तिनं मला पिशवीतून काढलं आणि एक अख्खं प्रकरण एकटीनं वाचून टाकलं. बुधवारी ते वाचताना ती जिथं दचकायला पाहिजे तिथं दचकली, पण जरा आधीच. मोनिकानं तिथल्या तिथं पकडलं. “चाची, तुम्ही घरी वाचलंय.” मुमताज लाल झाली. मग ठरलं, की माझा मुक्काम यापुढं व्हॅनच्या पुढच्या कप्प्यात. किल्ली सिद्दीककडं. गंमत म्हणजे आम्ही सगळे आत असताना चार तास बाहेर गाडीत बसून सिद्दीक काय करत असतील, हे कुणी विचारलंच नाही. मला आत नेलेलं असायचं म्हणून ते बिचारे पेपर वाचायचे. परतीच्या वाटेवर मात्र सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांचेच असायचे.

या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू लक्षात आली, ती स्वप्नालीच्या. तिनं एकदा रजिस्टर बघून मुमताजला सांगितलं, की हरिबांनी पाच आठवड्यांत एकही दिवस चुकवलेला नाही. त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

ते आधी वार का बुडवायचे, हे मुमताजला माहीत होतं. गोष्ट सुरू व्हायच्या आधी एकदा फाट्यावरून गाडीत बसल्या बसल्या हरिबा तिला हळूच म्हणाले होते, की आता बास झालं. पोरींची लग्नं झाली, मेंढरं कधीच विकली, मुलगा रोहिदास आपल्यापायी सारखा खाडे करतोय. त्या मशीनला किती दिवस हात द्यायचा. ते रडून बोलले नव्हते. उद्या बाजार आहे म्हणावं तसं बोलले होते.

सातव्या आठवड्याचा शुक्रवार उजाडला. माझी शेवटची वीस पानं उरली होती. गावातली कुजबुज खरी मानून क्लारानं काळखडक सोडलं. संध्याकाळची एक छोटी होडी धरून ती निघाली. वादळ आलं. होडीच्या नावाड्यानं मनोऱ्याकडं बघितलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मनोऱ्याची खिडकी काळी होती. इथं एक वाजला. चौघांचीही मशीनं थांबली. नाना म्हणाले, “आणखी अर्धा तास लावा हो मशीन.” स्वतःहून जादा वेळ मागणारा पेशंट आपण पहिल्यांदा बघितला, असं स्वप्नाली म्हणाली. पण दुपारची बॅच दारात उभी होती. उठावं लागलं.

शनिवार, रविवार मी कप्प्यात तळमळले.

सोमवारी फाट्यावर हरिबा नव्हते. सिद्दीकनी पाच मिनिटं गाडी थांबवली, मग मुमताजनं रोहिदासला फोन लावला. तो कामावर होता. म्हणाला, आबा आज येत नाहीत, आता यायचंच नाही म्हणतात, मी काय करू चाची, तुम्हीच सांगा. गाडी पुढं निघाली.

आत मुमताजनं मला उशीवर ठेवलं, पण उघडलं नाही. मोनिकानं पुन्हा कानात वायरी घातल्या. नाना थोडा वेळ टोपीशी खेळत राहिले आणि म्हणाले, “त्यांच्यावाचून वाचायचं नसेल तर माझी हरकत नाही. पण मला त्रास होतोय, एवढं लिहून ठेवा.” चार तास मी मिटून पडले होते. मिटून पडायची मला पन्नास वर्षांची सवय, पण इतकं जड कधीच झालं नव्हतं.

परतताना व्हॅन निमोण्याकडं वळली. मुमताज नुकतीच मशीनवरून उठलेली, चेहरा उतरलेला, तरी ती मला घेऊन खाली उतरली. हरिबा घरासमोर बाजेवर बसले होते. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. त्यांच्या पत्नी तानुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मुमताजला बसायला पोतं टाकलं आणि त्या म्हणाल्या, की तुम्हीच समजवा, आमचं तर ऐकत नाहीत.

हरिबांनी माझ्याकडं बघितलं. “आनलीस व्हय? वाच मग हितंच.”

“इथं नाही वाचणार,” मुमताज म्हणाली. “ती दौंडलाच वाचायची.”

हरिबा म्हणाले, “खरं सांगू का पोरी. मनात ठरीवलं व्हतं, गोष्ट हाय तवर जायाचं. मंग बंद. शुक्करवारी बघितलं, पानं ऱ्हायली बोटाएवढी. तवा म्हनलं, ऐकलीच न्हाई तर संपतच न्हाई. ऱ्हाऊ दे तशीच.”

मुमताजनं मला मांडीवर घेतलं. तिच्या डाव्या हाताला अजून पट्टी होती.

“आबा, तीस वर्षं मी हेच केलं,” ती म्हणाली. “अकरा पानं वाचली आन् ठेवून दिली. मला वाटायचं, आहे आपल्यासाठी राखून. पण राखून काय राहिलं नाही. न वाचलेली गोष्ट उरत नाही आबा, नुसती पडून राहते. आता वाचतेय तर मला सकाळी उठावंसं वाटतं. सुया टोचतात त्याचंबी काय वाटत नाही. तुम्ही नसला तर ही शेवटची पानं मी वाचणार नाही. मोनिकाबी नाही, नानाबी नाही. आमच्या तिघांचीबी अर्धीच राहील. चालेल तुम्हाला?”

तानुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग हरिबांनी स्वतःच विचारलं, “मधी यीक दिस गेला. आता बुधवारपतुर हे पाय...”

मुमताजनं तिथूनच स्वप्नालीला फोन लावला. स्वप्नालीनं डॉक्टरांना विचारून पाच मिनिटांत उलटा फोन केला. मंगळवारी सकाळी नऊ वाजता एक मशीन मोकळं होतं.

मंगळवार आमचा वार नव्हता. तरी मोनिका दुसऱ्या पाळीचा डबा हातात घेऊनच आली. नाना स्कूटरवरून आले. सिद्दीकनी गाडी लावली आणि आज मी बाहेर थांबणार नाही असं सांगून तेही आत आले. हरिबा एकटे मशीनवर, बाकीचे त्यांच्या खाटेभोवती स्टुलांवर. मुमताजनं मला उघडलं, आणि मला एकदम काहीतरी वेगळं वाटलं. तिचे दोन्ही हात मोकळे होते. सगळ्यांसमोर वाचताना सात आठवड्यांत पहिल्यांदा तिनं मला दोन्ही हातांनी धरलं होतं.

तिनं वाचायला घेतलं. होडी खडकांकडं ओढली जात होती. हवेलीत एडमंडला क्लारा गेल्याचं कळलं. तो मनोऱ्याकडं धावला, तर दाराचं कुलूप उघडं आणि जिन्यात मिसेस हॉब बसलेली, हातात विझलेली मशाल. तिचे गुडघे आज वर चढायला तयार नव्हते. तिथं जिन्यातच सगळं बाहेर आलं. पाच वर्षांपूर्वी दिवा लावायचं काम तिचंच होतं. त्या वादळात तिला डोळा लागला होता. बुडालेल्या गलबतावर एडमंडचा भाऊ होता, तसा तिचा एकुलता एक मुलगाही होता. एडमंडनं गावाला खरं सांगितलं नाही. तिला दोष लागू नये म्हणून सगळा आळ स्वतःवर घेतला. आणि ती मात्र त्या दिवसापासून रोज मनोरा चढून दिवा लावत होती, गलबत अजून यायचं आहे असं समजून.

“हौसाबाई,” हरिबा पुटपुटले. मोनिका मान खाली घालून बसली होती. तिनं एडमंडला किती नावं ठेवली होती.

मुमताजचा आवाज आता थांबेना. एडमंडनं म्हातारीला हाताला धरून उठवलं. तिला पाठीवर घेऊन तो जिना चढू लागला, कारण दिवा तिनंच लावावा अशी तिची विनवणी होती. वारा, अंधार, एकशे चाळीस पायऱ्या. स्वप्नाली दुसऱ्या पेशंटची पट्टी बांधता बांधता तशीच हातात पट्टी धरून वळली होती. वर पोचल्यावर म्हातारीची पहिली काडी वाऱ्यानं विझली, दुसरी विझली. तिसरी लागली. खाली समुद्रात नावाड्यानं ओरडून होडी वळवली. खडक एका हातावरून गेला. क्लारा काठाला लागली, तेव्हा मनोऱ्याच्या खिडकीतून खाली बघत मिसेस हॉब एवढंच म्हणाली, “आलं.”

मुमताज थांबली. मग क्लारा आणि एडमंडचं शेवटचं दीड पान तिनं वाचलं, ते प्रेमाचं पान. ते वाचताना तिनं सिद्दीककडं बघितलं नाही, पण सिद्दीक तिच्याकडंच बघत होते.

मी संपले. दोनशे अडतिसाव्या पानावर ‘समाप्त’ असं छापलंय. तो शब्दही तिनं वाचला.

नानांनी टोपी डोळ्यांवर ओढली, झोपायला नाही. मग हरिबा म्हणाले, “ती आलं म्हनली, तेवढं परत वाच.” मुमताजनं परत वाचलं. “आनिक यीकदा,” ते म्हणाले. तिनं आणखी एकदा वाचलं. मग ते समाधानानं उशीवर मागं टेकले आणि म्हणाले, “मी म्हनलंच व्हतं. दिवा कुणासाठी ते हुडका.” सगळे हसले, आणि सगळे एकदम बोलायला लागले. स्वप्नालीला शेवटी आवाज चढवून सगळ्यांना गप्प करावं लागलं.

पण माझ्या मनात भीती होती. गोष्ट आहे तोवर जायचं, असं ते म्हणाले होते. आता गोष्ट नव्हती.

बुधवारी सकाळी मी व्हॅनच्या कप्प्यात होते. तिथून बाहेरचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. फाटा जवळ आला तशी मुमताज बोलायची थांबली. मोनिकाही. ब्रेक लागला. दार सरकलं. आणि मला एका बाईचा आवाज ऐकू आला, जरा तावातावातला.

“म्यापन येनार हाय,” तानुबाई म्हणत होत्या. “ह्यांनी रोज जेवताना मला गोष्ट सांगितली. पर त्यात निम्मं ह्यांनी घातलंय. त्या सायबाकडं चाळीस मेंढरं व्हती म्हनं. व्हती का खरंच?”

“न्हवती का?” हरिबांचा आवाज आला. “मला वाटलं आसतील. एवढी हवेली हाय म्हंजी...”

मुमताज इतकी हसली की तिला उत्तर देता येईना. सिद्दीकनी उतरून तानुबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, आणि कप्पा उघडून मला त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, मनोऱ्याच्या चित्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “पयल्यापासनं वाचायचं. कुणी मधी बोलायचं न्हाई.”

त्याला आता तीन आठवडे झाले. हरिबांनी एकही वार चुकवलेला नाही. त्यांचं दुखणं बरं होणारं नाही हे मला माहीत आहे, मुमताजचंही नाही. चार तास आणि दोन सुया, हे त्यांच्या आयुष्याचं आता ठरलेलं आहे. पण त्या चार तासांत काय घालायचं हे त्यांनी स्वतः ठरवलंय. मोनिकाच्या पाळीतल्या एका मुलीनं आणखी एक जाडजूड कादंबरी पाठवलीय. माझ्या शेजारी कप्प्यात ती दाटीवाटीनं बसलेली असते. नवीन आहे, कोरी आहे, फार अधीर आहे. मी तिला सांगते, थांब जरा, तुझाही नंबर लागेल.

तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी असेल. माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, एखाद्या पिशवीत. तुम्ही तिला टाकलेली नाही, हे आम्हाला कळतं, आणि आम्ही त्याबद्दल आभारी असतो. पण मोकळा वेळ मिळेल तेव्हा, असं तिला सांगू नका. तिला आजच खाली काढा, पुसा, आणि बसा एखाद्या कोपऱ्यात. कुणी हाक मारली तर तिलाही बोलावून घ्या ऐकायला.

बरं, आता मला थांबायला हवं. नऊ वाजून गेलेत. सुया लावून झाल्यात, नानांनी टोपी वर केलीय, आणि तानुबाई स्टूल ओढून अगदी पुढं येऊन बसल्यात. आज क्लारा पहिल्यांदा मनोऱ्यातला दिवा बघणार आहे. हरिबांना पुढचं सगळं ठाऊक आहे आणि ते सांगण्यासाठी त्यांचे ओठ शिवशिवतायत. तानुबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते गप्प बसले.

मुमताजनं पान उलटलं.